बाबागाडीची निवड

घरात बाळ जन्माला आले, म्हणजे त्याच्या पाठोपाठ किती तरी वस्तू घरात येतात. माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी होतात, आत्या कुंची शिवते, आजी टोपडी विणते. या वस्तू कशा निवडाव्यात हे कोणाला शिकवावे लागत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ते ठरून गेले आहे. एका वस्तूच्या बाबतीत मात्र आजीचा अनुभव अपुरा पडतो. ती वस्तू म्हणजे बाबागाडी.

बाबागाडी हा शब्द मराठीला नवा नाही. बेळगावचा कँप, इंदूरजवळचे महू, ग्वाल्हेरजवळचे मुरार, हैदराबादचे जुळे शहर सिकंदराबाद, ही सारी एके काळची लष्करी ठाणी. तेथील रुंद, सपाट आणि झाडीच्या रस्त्यांवरून साहेबांच्या मुलांना घेऊन आया गाड्या ढकलीत. शेजारच्याच पेठेतील गल्लीबोळांत मात्र ती गाडी क्वचितच शिरे. तेथे मूल आईच्या नाही तर आजीच्या कडेवर असे. याचे कारण केवळ ऐपतीचे नव्हते. पेठेतला रस्ता त्या गाडीचा रस्ता नव्हता. आज गाडी दुकानात सहज मिळते, घरबसल्याही मागविता येते. परंतु रस्ता, जिना आणि ऊन यांचा प्रश्न होता तेथेच आहे.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका घराची कल्पना करावी. घर दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी आणि अरुंद. सून सव्वा महिन्यानंतर माहेराहून बाळाला घेऊन परतली आहे. बाळाच्या मामाने मोठ्या हौसेने गाडी पाठविली आहे. तिला मोठी चाके आहेत, सुंदर टप आहे, दुधाची बाटली ठेवावयास वेगळा खण आहे. आणि तिचे वजन आहे चौदा किलो. पहिल्या दिवशी सारा वाडा गाडी पाहून जातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून बाळाला घेऊन कमाटी बागेत जावे म्हणून निघते, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशीच थांबते. यजमान कचेरीतून परतलेले नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बाळाला घ्यावे की गाडीला? शेवटी सासूबाईच म्हणतात, "राहू दे, सूनबाई. उद्या जा." तो उद्या पुढे सरकत राहतो. महिन्याभरात गाडी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या साठू लागतात. गाडी वाईट होती असे नाही. ती त्या घरासाठी घेतलेली नव्हती, एवढेच.

यात पैसे वाया गेले, ही गोष्ट दुय्यम आहे. बाळंतपणानंतर चार भिंतींच्या आत राहिलेल्या स्त्रीला संध्याकाळची अर्ध्या तासाची मोकळी हवा मिळाली नाही, हे नुकसान मोठे. शिवाय शस्त्रक्रिया होऊन प्रसूती झाली असेल, तर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड वस्तू उचलू नये, असे डॉक्टर बजावून सांगतात. अशा वेळी चौदा किलोची गाडी जिन्यावरून उतरविणे हा धोकाच होय. म्हणून बाबागाडीची निवड दुकानात सुरू होत नाही. ती घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते.

या वाहनाचा पूर्वेतिहास थोडा पाहिला, तर हीच गोष्ट दिसते. १७३३ साली विल्यम केंट या इंग्रज कलावंताने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक चिमुकली गाडी बनविली. ती ओढावयास शेळी किंवा लहानसे तट्टू जुंपावयाचे. राजवाड्यासारख्या घराची आणि विस्तीर्ण बागेची ती गाडी. खेळणे म्हणूनच तिचे कौतुक. १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने सुधारित गाडीचे पेटंट मिळविले. त्याच्या गाडीतील बाळाची टोपली उलट फिरविता येई. त्यामुळे बाळाचे तोंड रस्त्याकडे ठेवावे की आईकडे, हे आईला ठरविता येऊ लागले. त्यानंतर १९६५ साली इंग्लंडात ओवेन मॅक्लारेन या वृद्ध अभियंत्याने आणखी एक क्रांती केली. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाके पोटात मिटून घेणारी यंत्रणा तयार करण्याच्या कामात त्यांचा हात होता. परदेशातून आलेल्या आपल्या मुलीला नातवंडाची अवजड गाडी सांभाळताना त्यांनी पाहिले, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनविली. तिचे वजन सुमारे तीन किलो होते.

या तीन गाड्या तीन वेगवेगळ्या गरजांतून निर्माण झाल्या. म्हणून सर्वांत उत्तम बाबागाडी कोणती, या प्रश्नाला उत्तर नाही. आपल्या बाळाचे वय काय, आपला जिना कसा, आपला रस्ता कसा आणि गाडी ढकलणार कोण, या चार प्रश्नांना मात्र उत्तरे आहेत. आणि ती मिळाली, की गाडी जवळजवळ आपोआप ठरते.

पहिला प्रश्न बाळाच्या वयाचा. जन्मलेल्या बाळाची मान लुळी असते. तीनचार महिन्यांच्या सुमारास ते मान धरू लागते, आणि सहा महिन्यांच्या आसपास बसू लागते. मान न धरलेल्या बाळाला बैठकीच्या गाडीत ताठ बसविले, तर त्याचे डोके पुढे छातीवर झुकते आणि श्वासाची कोवळी नळी दुमडली जाण्याची भीती असते. बाळ रडत नाही, शांत दिसते, आणि म्हणूनच हा धोका चटकन लक्षात येत नाही. यासाठी नवजात बाळाची गाडी जवळजवळ सपाट होणारी असावी. युरोपातील मानकाने याला मापच घालून दिले आहे: पाठ आणि बैठक यांमधील कोन निदान १५० अंशांपर्यंत उघडत नसेल, तर ती गाडी सहा महिन्यांखालील मुलांसाठी वापरू नये. दुकानात कोनमापक घेऊन कोणी जात नाही; परंतु पाठ पूर्ण खाली करून पाहावी, म्हणजे कळते. पाळण्यात बाळ जसे निजते, तितके नाही तरी जवळजवळ तसे त्या गाडीत निजले पाहिजे. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी बहुधा या कसोटीला उतरत नाही. ती बसू लागलेल्या बाळासाठी होय.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडीच्या हेलकाव्याने बाळ झोपी जाते, आणि मग उठेल या भीतीने त्याला तासन् तास गाडीतच राहू देण्याचा मोह होतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांत, बसावयाच्या अशा साधनांचा उपयोग नित्याच्या झोपेसाठी करू नये, विशेषतः चार महिन्यांखालील बाळांच्या बाबतीत, असे म्हटले आहे. घरी पोहोचल्यावर बाळाला उचलून सपाट, घट्ट बिछान्यावर उताणे निजवावे. थोडे रडले, तर रडू द्यावे.

वयाच्याच ओघात बाळाच्या तोंडाचा प्रश्न येतो. ते आईकडे असावे की पुढे रस्त्याकडे? रिचर्डसनने एकोणिसाव्या शतकात ज्याची सोय केली, त्या गोष्टीचे महत्त्व एकविसाव्या शतकात तपासले गेले. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या डॉ. सुझान झीडिक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रस्त्यांवरील दोन हजारांहून अधिक मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे निरीक्षण केले होते. मूल आपल्याकडे तोंड करून बसलेले असेल, तर पालक त्याच्याशी सुमारे दुप्पट बोलतात, असे दिसून आले. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कडेवरच्या बाळाला आपली आजी, "तो बघ काऊ, ती बघ माऊ" असे म्हणत सारा रस्ता दाखवीत असते. बाळ रस्ता पाहते आणि आजीचे ओठही पाहते. पाठमोऱ्या गाडीत हा संवाद तुटतो. पहिल्या वर्षात तरी, परवडत असेल तर, दोन्ही दिशांनी बसविता येणारी गाडी घ्यावी. ते जमले नाही, तर वाटेत थांबावे, पुढे जाऊन वाकावे आणि बोलावे. ज्या घराभोवती कानडी, कोकणी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू कानांवर पडते, त्या घरात मराठी शब्द बाळाच्या कानी जाण्याची ही एक अमोल वेळ असते.

दुसरा प्रश्न जिन्याचा आणि घराचा. दुकानात जाण्यापूर्वी दाराची, जिन्याची आणि लिफ्ट असल्यास तिच्या दाराची रुंदी फीतीने मोजून घ्यावी. गाडी मिटल्यावर कोठे राहणार, तेही ठरवावे. दुकानात गाडी विक्रेत्याने मिटून दाखविली, म्हणजे समाधान मानू नये. जी व्यक्ती ती रोज वापरणार, तिने स्वतः एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हाताने ती मिटून पाहावी, उचलून चार पावले चालावे. तळमजल्याचे घर आणि पुढे अंगण असेल, तर दहाबारा किलोची भक्कम गाडी खुशाल घ्यावी. दोन मजल्यांचा जिना असेल, तर पाचसहा किलोंपलीकडे जाऊ नये. दांड्याची उंचीही पाहावी. उंच वडील आणि ठेंगणी आजी दोघेही गाडी ढकलणार असतील, तर दांडा वरखाली होणारा हवा. नाही तर एकाची कंबर धरते.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. गाडीच्या साऱ्या शोभेपेक्षा तिची चाके अधिक बोलतात. लहान, कठीण प्लॅस्टिकची चाके बाजारसंकुलाच्या गुळगुळीत फरशीवर सुरेख धावतात; पण खडी, खड्डे आणि फुटपाथच्या कडा आल्या, की अडखळतात आणि सारे हादरे बाळाच्या पाठीला पोहोचवितात. आपल्याकडच्या बहुतेक रस्त्यांना मोठी, रबरी किंवा हवा भरलेली चाके आणि त्यांवर स्प्रिंग अशी गाडी मानवते. पुढची चाके सर्व बाजूंना फिरणारी असावीत, आणि खडबडीत जागी ती सरळ अडकवून ठेवण्याची खुंटी असावी. मोठ्या चाकांनी वजन वाढते, हे खरे. जिना एकीकडे ओढतो, रस्ता दुसरीकडे. या दोहोंमधील तडजोड प्रत्येक घराने आपापली करावयाची असते.

चौथा प्रश्न गाडी ढकलणाऱ्याच्या हातांचा, म्हणजेच सुरक्षिततेचा. येथे तडजोड नाही. २००९ सालच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या एका उपनगरी स्थानकावर आईने क्षणभर हात सोडला, तेवढ्यात गाडी फलाटावरून घरंगळली आणि येणाऱ्या आगगाडीपुढे रुळांवर पडली. आगगाडीने ती काही अंतर फरफटत नेली. सहा महिन्यांचे ते बाळ कपाळाच्या खरचटण्यावर बचावले. ते गाडीत पट्ट्यांनी बांधलेले होते. असे दैव प्रत्येकाला लाभेल, हे गृहीत धरता येत नाही. गाडी थांबली, की पायाने ब्रेक दाबावा. मग थांबणे दोन मिनिटांचे असो की दोन क्षणांचे. विकत घेताना ब्रेक लावून गाडी उतारावर उभी करून पाहावी. मागची दोन्ही चाके जखडली गेली पाहिजेत.

पट्टे पाच टोकांचे असावेत: दोन खांद्यांवरून, दोन कंबरेवरून आणि एक मांड्यांमधून. केवळ कंबरपट्ट्यातून बाळ खाली घसरते किंवा उभे राहून पुढे कोसळते. पट्टा आवळल्यावर त्याच्या आणि बाळाच्या अंगाच्या मध्ये आपली दोन बोटे जावीत, इतकाच तो सैल ठेवावा.

गाडी मिटविणाऱ्या बिजागऱ्यांकडे फार थोडे लोक पाहतात. २००९ सालीच अमेरिकेत एका नामांकित कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांबाबत परत बोलावणीची घोषणा झाली होती. गाडी उघडताना किंवा मिटताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा नाव मोठे म्हणून डोळे मिटू नयेत. बिजागऱ्या झाकलेल्या असाव्यात, आणि गाडी उघडताना किंवा मिटताना मूल हातभर दूर ठेवावे. उघडल्यावर कडी बसल्याचा आवाज ऐकल्याखेरीज त्यात बाळ ठेवू नये. भाजीची पिशवी दांड्याला लटकविण्याची सवय तर फारच घातक. बाळ गाडीत असेपर्यंत तोल राहतो. बाळाला उचलले, की गाडी मागे उलटते, आणि पिशवी जड असली तर बाळासकट उलटते. सामान खालच्या टोपलीतच ठेवावे.

या चार प्रश्नांखेरीज ऊन आणि पाऊस हे दोन सोबती आहेतच. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. हैदराबाद आणि इंदूर येथील दुपारही बाळाला सोसणारी नसते. अशा वेळी टपावरून दुपटे किंवा पातळ ओढणी सोडून गाडी झाकून टाकण्याची रीत आहे. सावली झाली, म्हणजे थंडावा झाला, अशी त्यामागील समजूत असते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली या समजुतीची परीक्षा घेतली. कोरड्या मलमलीने झाकलेल्या गाडीतील हवा बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून अधिक तापली. जाड फ्लॅनेलने त्याहूनही अधिक. उलट, ओली मलमल आणि जोडीला छोटा पंखा असता गाडीतील उष्णता सुमारे पाच अंशांनी कमी झाली. माठाला ओले फडके गुंडाळणाऱ्या घरांना यातील तत्त्व अपरिचित नाही. तात्पर्य, टप खोल असावा, त्याला मागे जाळीची खिडकी असावी, समोरून वारा मोकळा ठेवावा. आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडूच नये हे सर्वांत उत्तम. गोव्याच्या किंवा बेळगावच्या पावसात प्लॅस्टिकचे आवरण घालावे लागले, तर त्याला बाजूंनी हवेची भोके आहेत ना, हे पाहावे, आणि आडोशाला येताच ते काढावे. दमट हवेत गादीला बुरशी धरते. म्हणून कापड काढून धुता येईल अशीच गाडी घ्यावी.

राहिला पैशांचा विचार. बाबागाडी फार तर दोनतीन वर्षांची सोबतीण. नात्यातील किंवा शेजारची वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. किंबहुना पाळणा जसा घराघरांतून फिरतो, तशी तीही फिरावी. मात्र घेण्यापूर्वी ब्रेक, पट्ट्यांचे कुलूप, बिजागऱ्या आणि सांगाड्याचे सांधे नीट तपासावेत. सांगाडा वाकलेला किंवा पट्टा विरलेला असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. आणि ज्या घराच्या रस्त्यावर कोणतीच गाडी चालणे शक्य नाही, त्या घराने खंत करू नये. आजीची कड, आईची मांडी आणि वडिलांचा खांदा यांची जागा कोणतीही गाडी घेत नाही.

दांडिया बाजारातील त्या घराची हकीकत अशी पुरी करता येईल. मामाची गाडी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या पडवीत राहते. पाठ पूर्ण सपाट होणारी ती गाडी पहिल्या सहा महिन्यांसाठी उत्तमच आहे. अडचण होती ती केवळ जिन्याची. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, सून बाळाला छातीशी धरून जिना उतरते, तर सासूबाई एका हाताने कठडा धरून मागून सावकाश येतात. खाली आल्यावर गाडी उघडली जाते, कडीचा आवाज होतो, पट्टा लागतो, ब्रेक सुटतो. पुढे बाळ बसू लागले, म्हणजे हलकी, मिटणारी गाडी घेता येईल आणि ही मोठी गाडी वाड्यातील दुसऱ्या बाळाकडे जाईल. कमाटी बागेच्या वाटेवर सासूबाई बाळाला काऊ दाखवितात, आणि बाळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते.